खाजगी विक्रीतील थकीत किमतीची वसुली

खाजगी विक्रीतील थकीत किमतीची वसुली म्हणजे व्यापारी नसलेल्या व्यक्तीने जुनी दुचाकी, शिवणयंत्र, म्हैस यांसारखी वस्तू दुसऱ्यास विकल्यावर खरेदीदाराने न दिलेली रक्कम दिवाणी न्यायालयामार्फत मिळवणे होय. भारतात अशा व्यवहारास मालविक्री अधिनियम, १९३० लागू होतो. या अधिनियमानुसार तोंडी करारही वैध असतो. मालकी खरेदीदाराकडे गेल्यानंतर त्याने गैररीत्या किंमत थकवल्यास विक्रेता तिच्यासाठी दावा लावू शकतो (कलम ५५). मात्र ताबा दिल्यानंतर विक्रेत्याचा हक्क सामान्यतः किमतीपुरताच उरतो. वस्तू परस्पर उचलून आणल्यास तोच अडचणीत येतो. विक्रेता हा 'ग्राहक' नसल्याने ग्राहक आयोगाकडेही त्याला जाता येत नाही.

वाहनाच्या बाबतीत पैसे मिळेपर्यंत नोंदणी आपल्याच नावावर ठेवण्याची युक्ती पुष्कळदा योजली जाते. ती विक्रेत्याच्याच अंगाशी येऊ शकते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वाहन प्रत्यक्षात विकले गेले असले तरी अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी नोंदणीकृत मालकास जबाबदार धरले.

== मुदत ==
परिसीमा अधिनियम, १९६३ नुसार, उधारीची मुदत ठरलेली नसल्यास वस्तू हवाली केल्यापासून तीन वर्षांत, आणि ठरलेली असल्यास ती संपल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो. ओळखीच्या माणसाकडे तगादा कसा लावायचा, या संकोचात हा काळ सहज निघून जातो. मुदत संपण्यापूर्वी खरेदीदाराने सहीनिशी लेखी कबुली दिल्यास त्या तारखेपासून नव्याने तीन वर्षे मोजली जातात. थोडी रक्कम रोख दिल्यानेही मुदत वाढते, पण त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. दोन ओळींच्या चिठ्ठीचे महत्त्व येथे कळते.

== पुरावा आणि दावा ==
येणे सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो. बँकेतील नोंदी, साक्षीदार आणि भ्रमणध्वनीवरील संदेश हे नेहमीचे पुरावे होत. संदेशांची छापील प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. खाजगी व्यक्तीविरुद्धच्या अशा दाव्यापूर्वी नोटीस सक्तीची नाही. तरीही ती पाठवण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे, कारण काही प्रकरणे तेथेच मिटतात.

दावा प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवहार जेथे झाला, तेथील सर्वांत खालच्या सक्षम न्यायालयात लावतात. महाराष्ट्रात ते बहुधा दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांचे न्यायालय असते. व्यवहार लेखी व रक्कम निश्चित असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवायची असते, आणि बचाव करण्यासाठी त्याला न्यायालयाची परवानगी लागते.

किमतीपोटी दिलेला धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा फौजदारी मार्गही खुला असतो. त्यासाठी बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात तक्रार करायची असते.

== हुकूमनाम्यानंतर ==
दावा जिंकणे आणि पैसे हाती येणे यांत बरेच अंतर आहे. प्रतिवादीने हुकूमनाम्याप्रमाणे रक्कम न दिल्यास दरखास्त द्यावी लागते. तिची मुदत १२ वर्षांची असते. (हुकूमनामा, दरखास्त, कैफियत हे फारसीमार्गे आलेले शब्द न्यायालयीन मराठीत अजून रुळलेले आहेत.) अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारे यांवर जप्ती येत नाही. पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचे दोन-तृतीयांश हेही सामान्यतः सुरक्षित असतात. हुकूमनाम्याची एकूण रक्कम २,००० रुपयांहून अधिक नसेल, तर तिच्यासाठी दिवाणी कैद होत नाही.

लहान रकमेसाठी वकिलाचा खर्च येण्यापेक्षा जड होऊ शकतो, म्हणून लोकन्यायालयाचा विचार आधी करणे शहाणपणाचे असते. दावा लावण्यापूर्वीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. तडजोडीस दोन्ही पक्ष राजी नसल्यास लोकन्यायालय निर्णय लादू शकत नाही. चालू दावा तेथे मिटल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. निवाड्यावर अपील नसते आणि तो हुकूमनाम्यासमान असतो. पैसे न आल्यास त्याचीही दरखास्त लावता येते.