भात सांगेल तेव्हा सण

कोकणात दिवाळी एवढीशी आणि गणपती, शिमगा एवढे मोठे का, हा प्रश्न घाटावरून आलेल्या पाहुण्याला हमखास पडतो. देवरूखला राहून पाहिलं तर त्याचं उत्तर शेतात मिळतं. तालुक्याला नाव संगमेश्वरचं, पण कचेरी देवरूखात. सह्याद्रीच्या पायथ्याचं, सप्तलिंगी नदीकाठचं हे गाव. बाजारपेठ, एसटी स्टँड, कॉलेज, दवाखाने सगळं इथे आणि भोवतालच्या वाड्या भाताच्या. सणांचा क्रम पंचांगाने ठरवला असेल, पण कुठला सण किती मोठा करायचा हे इथे भातानेच ठरवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, धांदल असते. आमसुलं वाळवायची, फणसाची साठं घालायची, सुकी मासळी डब्यात भरायची, लाकूडफाटा आणि शेणी पडवीत रचायच्या. मृगाचा पाऊस लागला की तरवा, म्हणजे भाताची रोपं, आणि मग लावणी. या दिवसांत माणूस घरात सापडत नाही. श्रावणात बेणणी, म्हणजे तण काढणं, उरकते. भाद्रपदात हळवी भातं निसवायला लागतात आणि कापणीला अजून अवकाश असतो. वर्षभरात हात एवढे मोकळे क्वचितच असतात आणि गणपती नेमका तेव्हाच येतो.

दिवाळीचं उलट. तेव्हा भात कापून पडलेलं, झोडणी चाललेली, परतीच्या पावसाची धास्ती. म्हणून इथला चावदिस, म्हणजे नरकचतुर्दशी, पहाटेच उरकतो. अंघोळीआधी तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं, नव्या तांदळाचे गोडे-तिखट पोहे खायचे आणि उजाडताच खळ्यावर जायचं. फराळाच्या ताटांनी ही दिवाळी मोजली तर गरीब वाटेल, पण घरात नवं भात आलेलं असतं. त्याहून मोठा सण कुठला असणार?

गणपतीची सुरुवात चतुर्थीच्या कितीतरी आधी होते. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट मूर्तिकाराच्या कारखान्यात पोचू लागतात. पाटाच्या खालच्या बाजूला खडूने किंवा रंगाने घराण्याचं नाव लिहिलेलं. पाट ठेवणारा फार बोलत नाही, ‘दरवर्षीसारखाच’ एवढंच सांगतो, आणि मूर्तिकाराच्या ध्यानात असतं की या घरचा गणपती लोडाला टेकलेला, त्या घरचा उंदरावरचा. कित्येक घरांत मूर्तीचं रूप आणि उंची पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही. देवरूखच्या चौसोपी वाड्यातला जुना उत्सव तर चतुर्थीची वाट न पाहता प्रतिपदेलाच सुरू होतो. बाकी घरोघरी चतुर्थीला मूर्ती डोक्यावरून आणायची, घरच्या गणपतीवर मंडपी बांधायची, तिला नारळ, सुपारीचे घड, कवंडळाची फळं आणि रानातली फुलं टांगायची. त्या आठवड्यात रानात जे पिकतं तेच मंडपीवर चढतं. प्लास्टिकच्या झुंबरांनी तिची जागा घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. कवंडळ शोधायला गेलेल्या पोराला रान कळतं, ते झुंबर विकत आणून कळायचं नाही.

या दिवसांतला सर्वांत विचार करण्याजोगा विधी म्हणजे गौरीचा ओवसा. लग्न होऊन आलेल्या सुनेने बांबूची सुपं भरायची. त्यांत पानं, फळं, भाज्या, नारळ, खारका, सुपारी मांडायची, गौरीपुढे ओवाळायची आणि मग ती सुपं वडीलधाऱ्यांना, नातलगांना द्यायची. घेणारा सुपात पैसे किंवा एखादा दागिना ठेवून आशीर्वाद देतो. पण पहिला ओवसा दरवर्षी होत नाही. त्यासाठी गौर पूर्वा नक्षत्रात यावी लागते आणि इथेच बाहेरच्याचा गोंधळ उडतो. गौर तर अनुराधेला येते, ज्येष्ठेला जेवते, मुळावर जाते, मग पूर्वा मध्येच कुठून आली? अनुराधा हे चंद्राचं त्या दिवसाचं नक्षत्र, तर पूर्वा हे सूर्याचं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं पावसाचं जे गणित शेतकरी ठेवतो, त्याच माळेतलं. सूर्य साधारण ३० ऑगस्टपासून १३ सप्टेंबरपर्यंत पूर्वेत असतो. चतुर्थी ऑगस्टमध्ये फार लवकर आली तर गौरीच्या वेळी पूर्वा लागलेली नसते, सप्टेंबरच्या मध्यावर सरकली तर ती निघून गेलेली असते. मग नव्या सुनेला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं, कधी त्याच्याही पुढच्या. ज्या वर्षी पूर्वा साधते, त्या वर्षी बाजारात सुपांच्या चळती लागतात आणि दोन-तीन वर्षांतल्या सगळ्या सुना एकदम ओवसायला निघतात. दुसऱ्या दिवशी बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य. रात्री जाखडी. पायात चाळ बांधून गोल धरलेला, मध्ये मृदंग आणि झांज, शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्या सवाल-जवाबात पहाट होते.

हे सगळं करणारी माणसं मात्र वर्षभर इथे नसतात. गिरणीच्या काळापासून इथला पुरुष मुंबईला आणि घर, शेत, म्हातारी माणसं बाईच्या अंगावर. या बायांचं बाळंतपण कोण करणार, या प्रश्नातून इंदिराबाई हळबे म्हणजेच मावशी हळबे यांनी १९५४ साली देवरूखात दोन खाटांचं प्रसूतिगृह काढलं आणि त्यातून मातृमंदिर उभं राहिलं. मनिऑर्डरवर चालणाऱ्या तालुक्याचं रोजचं जगणं कसं होतं हे समजून घ्यायचं असेल तर मातृमंदिरापासून सुरुवात करावी. सण हे त्या जगण्यातले भेटीचे दिवस होते. म्हणून चाकरमान्याचं येणं हा सणाचाच भाग झाला. पूर्वी तो रात्रभर एसटीत बसून यायचा. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि आता संगमेश्वर रोड स्थानकावर उतरून देवरूख गाठता येतं. तिकिटाचं आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत १२० दिवस आधी उघडायचं, आता ६० दिवस आधी. गणपतीच्या गाड्या तेव्हाही काही मिनिटांत भरायच्या, आजही भरतात. ज्यांना जागा मिळत नाही ते वाडीपुरती अख्खी एसटी गटाने ठरवून येतात.

भात घरात आलं, पेंढा रचून झाला की मकरसंक्रांतीला मार्लेश्वरची यात्रा. देवरूखहून पंधरा-वीस किलोमीटरवर मारळजवळ, धारेश्वर धबधब्याशेजारच्या गुहेतलं हे शिवस्थान. गुहेत समईचाच उजेड, आणि सापांचा वावर भाविकांच्या सवयीचा. संक्रांतीला इथे देवाचं लग्न लागतं. आंगवलीहून मार्लेश्वराची पालखी येते, साखरप्याहून गिरिजादेवीची, देवरूखहून व्याडेश्वराची. लिंगायत पद्धतीने विधी होतात. हे लग्न दरवर्षी नव्याने लागतं, आणि त्यासाठी गावोगावच्या मानकऱ्यांना आपापलं काम दरवर्षी नव्याने करावं लागतं. कोणी मांडव घालायचा, कोणी पालखी उचलायची, कोणी सोबत चालायचं हे ठरलेलं. मानाकडे आपण फक्त प्रतिष्ठा म्हणून पाहतो आणि मग त्यावरून भांडणं होतात. या तालुक्यात तरी मान ही आधी जबाबदारी आहे. मानकरी आला नाही तर काम अडतं, म्हणून तो मुंबईहून, पुण्याहून सुट्टी काढून येतो.

भाताची कामं आटोपल्यावर येणाऱ्या शिमग्याला हे सर्वांत ठळक दिसतं. फाल्गुन शुद्ध पंचमीला सुरुवात होते. काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीचे, काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे. यामुळे ढोलवाले, खेळे आणि पाहुणे सगळ्यांना पुरतात. रानातून आंब्याचं किंवा सुरमाडाचं उंच झाड खांद्यावरून नाचवत आणून होळी उभी करायची. पालखीत देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात, सहाणेवर, म्हणजे ठरलेल्या चौथऱ्यावर, देव बसतो, आणि मग पालखी घराघरात जाते. देवरूखची ग्रामदेवता सोळजाई. एरवी माणूस देवळात जातो, शिमग्यात देव घरी येतो, म्हणून अंगण सारवून, रांगोळी काढून घर तयार असतं. बाई ओटी भरते, नारळ पुढे येतो आणि गाऱ्हाणं घातलं जातं. ते कान देऊन ऐकावं. पोराची मुंबईतली नोकरी, सुनेचं बाळंतपण, गाभण गाय, भावांमधला जमिनीचा वाद, दुखणारा गुडघा, सगळं नाव घेऊन मोठ्याने सांगितलं जातं आणि भोवतालची मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साथ देतात. एका घराची अडचण अख्ख्या वाडीला त्याच क्षणी कळते. पुढे जी मदत होते, ती पुष्कळदा या गाऱ्हाण्यातून सुरू झालेली असते.

आता अडचण अशी की भातच कमी होत चाललं आहे. माकडं आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत, मजूर मिळत नाही, म्हणून कितीतरी मळे पड आहेत. सणांचा थाट भाताने ठरवला, तो आता मुंबईच्या रजांवर चालतो. पालखी कुठल्या वाडीत कुठल्या दिवशी जाणार, याचा कागद महिनाभर आधी मोबाइलवर फिरतो, शनिवार-रविवार साधतात का ते पाहून लोक गाडी बघतात. मला यात वाईट काही दिसत नाही. पंचांगाशी जुळवून घेतलं, तसं रजेशीही घ्यावं. काळजी आहे ती कायमच्या कुलूपबंद घरांची. अशा घरांसाठी अनेक वाड्यांनी आपणहून वाट काढली आहे. किल्ली शेजारी असते, शेजारीण पालखीच्या आदल्या दिवशी घर उघडून झाडते, अंगणात सडा घालते, पालखी दारात आली की त्या घराच्या नावाने ओटी भरते आणि गाऱ्हाण्यात मुंबईतल्या धन्याचं नाव घ्यायला लावते. बाहेर राहणाऱ्यांनी निदान एवढं करावं: किल्ली देताना ओटीचा खर्च द्यावा, आणि वर्षाआड तरी स्वतः येऊन शेजाऱ्याच्या घरची पालखी खांद्यावर घ्यावी.