निनावी पत्राचा पत्ता कसा लागला?

पेशंटच्या जिवाला धोका दिसला, तर नर्सने गप्प बसू नये, असं या व्यवसायाची आचारसंहिता बजावते. गप्प न बसलेल्या दोन नर्सेसचं पुढे काय झालं, हे मात्र कर्मिटमध्ये दिसलं.

कर्मिट हे पश्चिम टेक्सासच्या तेलपट्ट्यातलं छोटं गाव. तिथल्या सरकारी विंकलर काउंटी मेमोरियल हॉस्पिटलात ॲन मिचेल आणि विकीलिन गॅल उपचारांचा दर्जा आणि नियमपालन यांवर लक्ष ठेवत. डॉ. रोलांडो अराफिलेस यांच्या काही केसेस त्यांना खटकल्या. शस्त्रक्रियेची परवानगी नसताना त्यांनी इमर्जन्सी रूममध्ये त्वचारोपण केलं होतं, ते फसलं होतं. शिवाय पेशंटांना ते आपली वनौषधी उत्पादनं विकत होते. व्यवस्थापनाला सांगूनही ढिम्म काही हललं नाही. शेवटी 2009च्या एप्रिलमध्ये दोघींनी टेक्सास मेडिकल बोर्डाला निनावी पत्र धाडलं. पेशंटांची नावं टाळली, केसपेपरचे क्रमांक तेवढे दिले.

बोर्डाने तक्रारीची कल्पना डॉक्टरांना दिली आणि डॉक्टरांनी शेरीफ रॉबर्ट रॉबर्ट्स यांना गाठलं. शेरीफ त्यांचे मित्र होते, पेशंटही होते. तपास चालू आहे म्हणून त्यांनी बोर्डाकडून पत्राची प्रत मिळवली. पत्रातल्या वय आणि नोकरीच्या उल्लेखांवरून संशय दोघींकडे वळला आणि जप्त केलेल्या कॉम्प्युटरमध्ये पत्र सापडलं. दोघींची नोकरी गेली आणि ‘सरकारी माहितीचा गैरवापर’ हा गुन्हा दाखल झाला. कमाल शिक्षा होती 10 वर्षांचा तुरुंगवास.

गॅल यांच्यावरचे आरोप सुनावणीआधीच मागे घेतले गेले. मिचेल यांना 2010च्या फेब्रुवारीत ज्यूरीने तासाभराच्या आत निर्दोष ठरवलं. दिवाणी दाव्यात दोघींना मिळून साडेसात लाख डॉलर मिळाले. पुढे शेरीफ आणि काउंटीचे सरकारी वकील दोषी ठरले. डॉक्टर आणि हॉस्पिटलच्या प्रशासकांनी गुन्हा कबूल केला. 2011 साली टेक्सासने नर्सेसना असलेलं संरक्षण वाढवलं.

शेवट गोड झाला, पण तक्रार केली म्हणून नर्सला आरोपीच्या पिंजऱ्यात बसावं लागलं, हे उरतंच. दोघींनी सगळं रीतसर केलं होतं: आधी हॉस्पिटलात सांगितलं, मग नियामकाकडे गेल्या, पेशंटांची गोपनीयता जपली. घात झाला तो पत्र पोचल्यानंतर. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, त्याच्या मित्राच्याच हाती ते पडलं.

आपल्याकडचं चित्र काय? 2014 साली संसदेने व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायदा केला, पण तो अजून लागू झालेला नाही. झाला तरी तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरताच आहे, म्हणजे खासगी हॉस्पिटलातला डॉक्टर त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय तक्रारदाराने ओळख दिली नसेल, तर कारवाई करायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कर्मिटचं पत्र या कायद्याखाली आलं असतं, तर ते उघडून बाजूला ठेवावं लागलं असतं.

म्हणून नर्सला धीट व्हायला सांगण्याआधी हॉस्पिटलांनी काही गोष्टींची हमी द्यायला हवी. तक्रार संबंधित डॉक्टरच्या वरिष्ठाच्या टेबलावरून जाऊ नये. नाव मोजक्याच लोकांना कळावं. चौकशी संपेपर्यंत तिला मेमो किंवा बदली मिळू नये. एवढं नसेल, तर वॉर्डमध्ये दिसलेली चूक वॉर्डमध्येच राहील आणि तिची किंमत पुढचा पेशंट मोजेल.