दादासाहेब फाळके: छायाचित्रणाकडून चलच्चित्रणाकडे

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७० – १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखले जातात. तथापि आयुष्याची पहिली चाळीस वर्षे ते छायाचित्रकार आणि मुद्रक होते. स्थिर छायाचित्रणाकडून चलच्चित्रणाकडे वळणारे ते पहिले मराठी गृहस्थ नव्हेत. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (सावेदादा) यांनी १८९९ मध्येच हँगिंग गार्डन येथील कुस्ती चित्रित केली होती. फाळके यांनी मात्र उतरत्या वयाच्या उंबरठ्यावर, संसार पणाला लावून हा पालट केला.

पूर्वानुभव

त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले. बडोद्यात, कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो अशा समजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी जर्मनीचा प्रवास केला. भागीदारांशी मतभेद होऊन तोही व्यवसाय सुटला.

संक्रमण

१९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळके यांनी चित्रपटनिर्मितीचा निश्चय केला. त्यानंतर अहोरात्र चाललेल्या निरीक्षणाने व प्रयोगांनी त्यांची दृष्टी काही काळ गेली. छायाचित्रकारास याहून मोठा आघात तो कोणता? उपचारांनी ती परत आली. विम्याचे कागद तारण ठेवून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन परतले.

प्रकाशाचा अंदाज, भिंगाची निवड, काचेवरील चित्र अंधाऱ्या खोलीत धुणे हे सारे त्यांच्या हातात मुरलेले होते. नवीन होता तो काळ. स्थिर चित्रात क्षण निवडायचा असतो. येथे कॅमेऱ्याचा दांडा हाताने एकसारख्या गतीने फिरवून क्षणांची साखळी गुंफावी लागे. दांड्याची गती चुकली, तर पडद्यावरील माणसांची चालही बिघडे.

त्यांचा आरंभीचा प्रयोग या दोन कलांच्या सीमेवरच आहे. कुंडीतील वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा रोवून, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हे लघुचित्र तयार केले. सेकंदास १६ चौकटी धरल्या, तर मिनिटभराच्या चित्रासाठी ९६० छायाचित्रे लागतात. हे काम मुळात छायाचित्रकाराच्या चिकाटीचेच होय. हे चित्र दाखवून त्यांनी पुढील भांडवल मिळवले.

कच्ची फिल्म छिद्रांविना येई. ती छिद्रे पाडणे आणि रसायने मिसळणे ही कामे पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. त्यांच्या या वाट्याची नोंद पुष्कळदा ओझरतीच घेतली जाते.

राजा हरिश्चंद्र

१८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झालेल्या दादासाहेब तोरणे यांच्या ‘श्री पुंडलिक’चा कॅमेरामन ब्रिटिश होता आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनला झाली. फाळके यांनी ही दोन्ही कामे येथेच केली. त्र्यंबकेश्वरचे बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी आधी स्थिर छायाचित्रण शिकवले, मग चित्रपटाचा कॅमेरा हाती दिला. तेलंग यांनी चित्रित केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्या वेळी फाळके ४३ वर्षांचे होते.