रकान्यात न मावलेले उत्तर

मानसोपचार सेवेच्या पाहणीसाठी मी गावोगाव हिंडत होतो तेव्हा माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता : रुग्णाने उपचार मध्येच का सोडला? उत्तरेही छापूनच आली होती. अज्ञान, अंधश्रद्धा, घरच्यांची अनास्था. एका शेतमजूर बाईपुढे मी तो कागद धरला. ती म्हणाली, “भाऊ, गोळ्या मंगळवारीच मिळत्यात. दिवस जातो, मजुरी बुडती, येष्टीचं भाडं निराळं. आन् तिथं समद्यांम्होरं नाव पुकारत्यात. गावातलं कुणीतरी असतंच.” हे लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता.

१९७६ साली इंग्लंडमधल्या अपंगांच्या एका संघटनेने मांडले, की शरीरातले व्यंग वेगळे आणि अपंगत्व वेगळे. व्यंग असलेल्याला समाज बाहेर ठेवतो, ते अपंगत्व. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव दिले. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते. सरकारी पाहणीतले प्रश्नच त्यांनी पुढे उलटे करून दाखविले : माणसात काय बिघडले हे विचारण्याऐवजी समाजात काय बिघडले ते विचारा.

आपल्याला हे परके वाटू नये. चवदार तळे बंद असणे हा तहानलेल्याचा दोष नव्हता, हे १९२७ साली महाडला सांगून झालेले आहे.

पण ही मांडणी मुळात शारीरिक व्यंगाची. मनाच्या बाबतीत ती जशीच्या तशी बसत नाही. आपल्यात व्यंग आहे हेच मानायला तिथल्या अनेक मनोरुग्णांनी नकार दिला. उलट, ज्याला रात्रभर आवाज ऐकू येतात त्याचे दुःख केवळ समाजाने रचलेले आहे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? गोळी लागतेच. प्रश्न ती मिळण्याच्या वाटेचा आणि त्या वाटेवरच्या अपमानाचा आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागून साखळदंडांत बांधलेली २८ माणसे मेली. त्यांना आजाराने मारले नाही. साखळीने पळू दिले नाही. २०१७ च्या कायद्याने साखळीला बंदी केली. मंगळवार मात्र कोणत्याच कायद्यात येत नाही.

मी प्रश्नावली पुन्हा लिहायला घेतली, या वेळी त्या बाईला शेजारी बसवून. आता प्रश्न दवाखान्याला होते : बाकडी किती, वार कोणी ठरवला, शेवटची गाडी किती वाजता सुटते. तिने एक प्रश्न स्वतः घातला, “नाव हळू घ्यायला काय व्हतं?” तो मी तिच्याच शब्दांत ठेवला आहे.