ताप नसला तरी रक्त तपासा!

गडचिरोलीच्या जंगलातली एखादी गरोदर बाई खाटेवर घालून, नाले ओलांडत दवाखान्यात आणली की तेवढ्यापुरती बातमी छापून येते. रस्ता नव्हता, पूल नव्हता, असे आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. पण त्याआधीच्या महिन्यांत तिच्या रक्ताचा एक थेंब तरी कोणी तपासला होता का? हा प्रश्न कोणी विचारीत नाही, म्हणून आम्ही विचारतो.

मलेरिया कोणालाही होतो, पण गरोदर बाईला तो दुहेरी मारतो. फाल्सिपेरम जातीचे जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी तिच्या वारेत जाऊन चिकटतात. बाळाला पोचणारे अन्न आणि प्राणवायू तिथेच अडतात. आईचे रक्त कमी होते. कधी गर्भपात होतो, कधी मूल मृत जन्मते, जगले तर कमी वजनाचे. पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त. आणि खरी फसगत पुढेच आहे. जिथे मलेरिया कायम मुक्कामाला आहे, तिथे मोठ्या माणसांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यामुळे बाईला ताप येईलच असे नाही. ती रोवणीला जाते, मोहफुले वेचते, पाणी भरते. थकली तर 'दिवस आहेत, थकायचेच' म्हणून घरचेही गप्प बसतात.

म्हणजे 'ताप आला तर तपासू' हा नियम तिच्या कामाचा नाही. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये २०२० पासूनच्या मोहिमेत ताप असो वा नसो, घरोघर रक्त तपासले गेले. लक्षणे नसलेले रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. जे तिथे झाले ते इथे प्रत्येक गरोदर बाईसाठी का होऊ नये? आशाताईजवळच्या किटवर बोटाच्या एका थेंबाने पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो.

हलगर्जीची किंमत देशाने एकदा मोजली आहे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९६१ पर्यंत रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास आले. रोग संपला असे समजून यंत्रणा सैल पडली आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. आता २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. ते आकडे कागदावर उतरण्याआधी भामरागड, एटापल्लीच्या पाड्यांवर उतरले पाहिजेत.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. गिरणीतल्या बाईला जो न्याय, तोच जंगलातल्या माडिया बाईला. ही भीक नव्हे, हक्क आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नाव नोंदवताच आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला रक्त तपासा. त्याच दिवशी कीटकनाशक भारित मच्छरदाणी हातात द्या. पावसाळ्यात वाटा बंद होण्याआधी किट आणि औषधे गावात पोचवा. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या; प्रायमाक्विन गरोदर बाईला चालत नाही, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

आणि आपलेही काम आहे. या भागात नोकरीला असलेले आपले शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक आहेत. फवारलेली भिंत लगेच सारवू नका, मच्छरदाणी उन्हात वाळवू नका, गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, हे माडिया, गोंडीत समजावून सांगणारा माणूस गावात हवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. कार्यकर्त्यांनो, त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहा आणि एवढेच विचारा: आज किती जणींचे रक्त मलेरियासाठी तपासले?