कुठल्या देशाचे गरीब?

२०२०च्या जानेवारीत बंगळुरातल्या बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात जेसीबी आला, तेव्हा झोपड्यांतल्या माणसांची कमाई किती, हे कुणी विचारले नाही. प्रश्न एकच होता : तुम्ही कुठले? ११ जानेवारीला मारतहळ्ळी पोलिसांनी जमीनमालकाला नोटीस धाडली होती. इथे बेकायदा बांगलादेशी राहतात, असा त्यांचा दावा. आठवडाभरात भाड्याने घेतलेली पत्र्याची, ताडपत्रीची घरे भुईसपाट झाली. त्यांत आसाम, त्रिपुरा, बंगालची कुटुंबे होती, तशी उत्तर कर्नाटकातली, कानडीच बोलणारीही होती. अनेकांजवळ आधार आणि मतदार ओळखपत्र होते.

गरिबी ओळखण्याच्या आपल्या रीती मागे वळून पाहिल्या, तर त्यांत हा प्रश्न कुठेच सापडत नाही. १९७१मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोजच्या २,२५० उष्मांकांवरून रेषा आखली. १९९०मध्ये जागतिक बँकेने दिवसाला एक डॉलर हे माप आणले. २०२५मध्ये ते तीन डॉलरवर गेले. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२साठी शहरी रेषा निघाली माणशी महिना सुमारे हजार रुपये. युरोपात हिशेब वेगळा. देशातल्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली जो असेल, त्याला दारिद्र्याचा धोका आहे असे धरतात. म्हणजे शेजारी श्रीमंत झाले की रेषाही वर सरकते.

बेळ्ळंदूरच्या आयटी पार्कमध्ये फरशी पुसणारी बाई किंवा सोसायटीच्या गेटवरचा सिक्युरिटी गार्ड हजाराची ती रेषा बहुधा ओलांडून जाईल. आउटर रिंग रोडवरच्या आयटी कंपन्यांच्या पगारांना युरोपचे माप लावले, तर दोघेही पार खाली राहतील. जेसीबी मात्र दोन्ही मापांत बसत नाही.

तिथे लागतो तो कागद. मुंबईने हे फार आधी शिकवले. १९७६च्या झोपडपट्टी गणनेनंतर फोटोपास आले. पुढे १ जानेवारी १९९५ची मुदत आली आणि कधीपासून राहता, यावर घर टिकू लागले. १९८५मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तरी पदपथावरून हटवण्याची मुभा महापालिकेला राहिलीच. बेळ्ळंदूरच्या परप्रांतीयाजवळ असा फोटोपासही नव्हता.

रेशनचेही तसेच. एक देश, एक रेशनकार्ड योजनेत कर्नाटक आणि त्रिपुरा १ जानेवारी २०२०ला आले, आसाम थेट जून २०२२मध्ये. तोवर एकाच वस्तीतल्या त्रिपुराच्या माणसाला निदान नियमाने बंगळुरात धान्य घेता येत होते, आसामच्याला नाही. भूक दोघांची सारखीच.

पाडकामाला कर्नाटक उच्च न्यायालयाने थोपवले. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने जानेवारीतच स्थगिती दिली. फेब्रुवारीत कारवाई बेकायदा ठरली आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आली. पण तीनच महिन्यांनी, करोनाच्या टाळेबंदीत, बिल्डरांशी बैठक झाल्यावर राज्य सरकारने मजुरांना गावी नेणाऱ्या रेल्वेगाड्या रद्द केल्या. जानेवारीत इथून जा म्हणणारे शहर मे महिन्यात इथेच थांबा म्हणत होते. टीका झाली, तेव्हा गाड्या पुन्हा सुटल्या.

सप्टेंबर २०२२च्या पावसात याच पट्ट्यातले बंगले बुडाले. रहिवाशांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढले गेले. त्यांना कुठले म्हणून कुणी विचारले नाही, आणि ते योग्यच झाले.

देशादेशांतल्या गरिबीची तुलना आपण डॉलरमध्ये करतो. बेळ्ळंदूरच्या या काही वर्षांनी तिच्यात आणखी एक रकाना वाढवला आहे : संकट आले तर मदत आधी पोचते की चौकशी? हा रकाना भरायला सर्वेक्षण लागत नाही. पालिकेचे आणि पोलिसांचे दफ्तर उघडले तरी पुरे.