मुंग्यांची भाऊबंदकी

एक चार पानांचा फ्रेंच लेख गेली कित्येक वर्षं माझ्या मानगुटीवर बसला आहे. साल १८९२, प्रकाशक बेल्जियमची कीटकशास्त्र संस्था, लेखक ऑग्युस्त फोरेल. शीर्षकाचा अर्थ साधारण असा : कार्डिओकॉन्डिला मुंगीचा नर आणि पिढ्यानपिढ्या चालणारं सगोत्र प्रजनन. फोरेल झुरिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते, पण जीव मुंग्यांत. (पुढे हजार फ्रँकच्या स्विस नोटेवर त्यांचा चेहरा छापला गेला आणि मागे मुंग्या. हेवा वाटावा असा देश!)

त्या लेखाच्या दोनच वर्षं आधी त्यांनी पुण्याहून आलेल्या एका मुंगीचं बारसं केलं होतं. तिच्यासाठी 'एमेरिया' ही नवी प्रजातीच मांडली आणि जातीला नाव दिलं मुंबई इलाख्यातले वनाधिकारी आर. सी. रॉटन यांचं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'अवर अँट्स' लिहिणारे ते हेच. १८९२ मध्ये फोरेलनी एमेरिया मोडीत काढली. मुंगी कार्डिओकॉन्डिलाच निघाली, मात्र रॉटन यांचं नाव टिकलं : कार्डिओकॉन्डिला रॉटोनी.

फोरेलना ज्याच्यावर लेख लिहावासा वाटला, तो या प्रजातीतला नर खरंच तऱ्हेवाईक आहे. त्याला पंख नसतात, दिसायला तो कामकरी मुंगीसारखा. त्याच्याकडे वळण्याआधी राण्यांचं सांगायला हवं.

एका राणीची वसाहत कशी उभी राहते हे बहुतेकांनी वाचलेलं असतं : उड्डाण, मीलन, पंख टाकणं, मातीत स्वतःला कोंडून घेणं, उडण्याचे स्नायू अंगातच जिरवून पहिली पिल्लं पोसणं. युरोपातल्या काळ्या बागमुंगीच्या, लासियस नायजरच्या, दोन-तीन राण्या कधी कधी एकाच बिळात हा संसार मांडतात. त्यांना सवती म्हणावं, तर नवरे केव्हाच मेलेले. सगळ्या मिळून अंडी सांभाळतात, गुण्यागोविंदाने राहतात. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर आल्या की एकमेकींवर तुटून पडतात. उरते एक. ती मग जगते किती? हेरमान आपेल नावाच्या कीटकप्रेमी गृहस्थांनी पाळलेली राणी पावणे २९ वर्षं जगली!

पुण्याच्या मुंगीच्या घरात राण्या अनेक, आणि भांडण नाही. कारण साधं आहे. तरुण राणी घरातच, बहुधा भावाशीच, जुगते. मग तिथेच राहते किंवा चार कामकरी मुंग्या घेऊन पायी शेजारी बिऱ्हाड करते. एकटीने मातीत कोंडून घेण्याची वेळच येत नाही. या सुखाची किंमत आयुष्यात मोजावी लागते. हिच्या जवळच्या नात्यातली ऑब्स्क्युरिऑर राणी वर्षभरही क्वचितच जगते. एकटी नांदणारी राणी सहसा दीर्घायुषी आणि बहुराणी घरातली अल्पायुषी, हे केलर आणि जनू यांनी १९९७ साली अनेक जातींची तुलना करून दाखवलं.

इथे भांडतात ते भाऊ. बिनपंखी नराचे जबडे विळ्यासारखे असतात. कोषातून नुकत्याच निघालेल्या, अंग अजून मऊ असलेल्या भावाला तो गाठतो आणि चावून मारतो. तोडीचा प्रतिस्पर्धी भेटला, तर त्याच्या अंगाला आपला स्राव फासतो. पुढचं काम कामकरी मुंग्या करतात. यामाउची आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये हे बारकाईने पाहिलं. ऑब्स्क्युरिऑरमध्ये काही नर पंखवाले असतात. त्यांच्या अंगाला मादीचा वास येतो, म्हणून ते वाचतात. हे २००२ साली कळलं.

मला सर्वांत जास्त चकित केलं ते फ्रान्सच्या दक्षिणेतल्या एलेगन्सने. प्रजाती तीच, पण वसाहतीत राणी एकच, आणि नर शांत. कामकरी मुंग्या घरातल्या उपवर राण्यांना उचलून परक्या बिळाच्या दाराशी नेऊन सोडतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे निरीक्षण वाचून मला आमच्याकडचे लग्न जमवणारे मध्यस्थ आठवले. त्यांनी कुणाला पाठीवर घेतलेलं मात्र ऐकिवात नाही. राण्या एकत्र नांदतात तिथे भाऊबंदकी, राणी एकटी तिथे भावांत सलोखा. सगळ्या मुंग्यांना हे लागू नाही, पण या एका प्रजातीपुरतं मला ते मोहक वाटतं.

रॉटन पुढे सस्तन प्राण्यांकडे वळले. त्यांच्या नावाची मुंगी मात्र पानं पोखरणाऱ्या अळीने वाळक्या पानात सोडलेल्या पोकळीतही सबंध घर थाटते. तेव्हा पुणेकरांनो, पाचोळा पेटवण्याआधी फुगीर दिसणारं एखादं पान उजेडात धरून पाहा. भिंग जवळ ठेवा. ही मुंगी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते.